पोलिओच्या वॉर्डातून नृत्योपचाराकडे : इर्मगार्ड बार्टेनिएफ

इर्मगार्ड बार्टेनिएफ (१९००–१९८१) या जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या नर्तकी, फिजिओथेरपिस्ट आणि मानवी हालचालींच्या अभ्यासक. अमेरिकेत नृत्योपचार ही उपचारशाखा ज्या पिढीने उभी केली, तिच्यात त्यांची गणना होते. मात्र त्या पिढीतल्या इतरांपेक्षा त्यांची वाट निराळी होती. बहुतेक नृत्योपचारक रंगमंचावरून किंवा नृत्यवर्गातून थेट मनोरुग्णालयात आले. बार्टेनिएफ मधली कितीतरी वर्षे पोलिओच्या वॉर्डात, अधू झालेले हातपाय पुन्हा हलते करण्यात गुंतल्या होत्या. त्यामुळे हालचाल शरीरात घडते कशी आणि त्या हालचालीतून व्यक्त काय होते, हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. स्नायू पाहणारे डॉक्टर आणि भाव पाहणारे कलावंत या दोघांनाही ही गोष्ट एकाच वेळी सांगणारी माणसे त्या काळी फार थोडी होती.

त्यांचा जन्म बर्लिनचा. माहेरचे आडनाव डोंबोआ. जीवशास्त्र, चित्रकला आणि नृत्य अशा तिन्ही दिशांना त्यांचे शिक्षण झाले. १९२५ मध्ये त्या रुडॉल्फ लाबान यांच्याकडे शिकू लागल्या आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली. लाबान (१८७९–१९५८) यांचा जन्म आजच्या ब्रातिस्लावा शहरातला. तेव्हा तो भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत बॅलेची चौकट मोडून जे आधुनिक नृत्य बहरले, त्याचे ते एक प्रमुख विचारवंत. गाण्याला जशी स्वरलिपी असते तशी हालचालीलाही लिपी हवी, असा त्यांचा ध्यास होता, आणि १९२८ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. ही लिपी खालून वर वाचतात. मधल्या उभ्या रेषेच्या एका बाजूला शरीराचा डावा भाग, दुसऱ्या बाजूला उजवा. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, त्यातली छटा हालचाल उंचावर आहे की खाली हे दाखवते आणि चिन्हाची लांबी म्हणजे हालचालीला लागणारा वेळ. कागदावर नृत्य जपण्याचे प्रयत्न युरोपात आधीही झाले होते, पण ते बहुधा एखाद्या विशिष्ट शैलीपुरते असत. लाबान यांची लिपी कोणत्याही हालचालीला लागू पडते. नर्तकाची गिरकी लिहावी तशी हमालाची पावलेही तिच्यात लिहिता येतात.

बार्टेनिएफ या लिपीत पारंगत झाल्या. मिखाईल बार्टेनिएफ या रशियन ज्यू नर्तकाशी त्यांचा विवाह झाला आणि दोघांनी मिळून स्वतःची नृत्यमंडळी चालवली. नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू कलावंतांना जर्मनीत काम मिळणे अशक्य झाले आणि १९३६ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. लाबान यांचे वागणे याच काळात अडचणीचे प्रश्न उभे करते. ते स्वतः १९३६ पर्यंत गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाच्या आश्रयाने काम करत होते. बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यांनी बसवलेला भव्य नृत्यप्रयोग गोबेल्सला पसंत पडला नाही, तेव्हा त्यांची मर्जी गेली. पुढे तेही देश सोडून इंग्लंडला गेले. त्यांच्या शिष्य-प्रशिष्यांनी हा भाग बराच काळ हलक्या हाताने लिहिला, हे नमूद करायला हवे.

न्यूयॉर्कमध्ये बार्टेनिएफ यांनी आधी लिपी शिकवायला सुरुवात केली. तिथे १९४० मध्ये ‘डान्स नोटेशन ब्युरो’ ही संस्था निघाली आणि लाबान यांची लिपी अमेरिकेत रुजली. त्या रुजवणीत त्यांचा वाटा होता. पण लिपीच्या शिकवण्यांवर संसार चालणे कठीण होते. शरीराबद्दलचे कुतूहल तर होतेच. त्या फिजिओथेरपीकडे वळल्या आणि १९४३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून तिचे शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर विलर्ड पार्कर या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात पोलिओच्या रुग्णांवर उपचार करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

पोलिओची लस १९५५ मध्ये आली. त्याआधी दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शहरांवर या रोगाची दहशत असे. एकट्या १९५२ मध्ये तिथे सुमारे ५८,००० रुग्ण नोंदले गेले. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण बऱ्याच रुग्णांत काही पेशी वाचलेल्या असतात, आणि त्या वाचलेल्या पेशींच्या जिवावर किती हालचाल परत मिळवता येते, हा फिजिओथेरपीचा प्रश्न असतो. तेव्हाची प्रचलित पद्धत स्नायूवार होती. कोणता स्नायू किती कमजोर आहे ते तपासायचे, त्याला श्रेणी द्यायची आणि त्याच स्नायूचा व्यायाम पुन्हा पुन्हा करून घ्यायचा.

बार्टेनिएफ यांनी ही पद्धत टाकून दिली नाही, पण तिची मर्यादा त्यांच्या लक्षात आली. खांद्याचा स्नायू दुबळा असलेल्या मुलाला ‘हात वर कर’ म्हटले, तर ते सगळा खांदा कानाकडे ओढते, मान आवळते आणि श्वास रोखून धरते. हात मात्र जेमतेम उचलला जातो. त्याच मुलाला तिरप्या दिशेला, थोडे मागे धरलेली एखादी हवीशी वस्तू घ्यायला सांगितली, तर डोळे तिकडे वळतात, धड किंचित वळते, वजन एका बाजूला सरकते आणि हात त्या ओघात पुढे जातो. मेंदूला एकेक स्नायू सुटा हलवण्याची सवय नसते. तो अख्ख्या कृतीची योजना करतो, हे मज्जाशास्त्रज्ञ आधीपासून सांगत होते. बार्टेनिएफ यांनी त्याला लाबान यांच्या अवकाशविचाराची जोड दिली. लाबान यांच्या मते माणसाभोवती त्याच्या हातापायांच्या टप्प्याएवढा एक गोल असतो आणि प्रत्येक हालचाल त्या गोलातल्या एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे जाते. नर्तकांसाठी त्यांनी वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीत बसवलेले सरावाचे मार्ग आखले होते. गंमत अशी की, रंगमंचासाठी रचलेले, कित्येकांना गूढ वाटणारे हे भूमितीचे खटाटोप खाटेवरच्या रुग्णाच्या उपयोगी पडले. कुठे जायचे हे स्पष्ट असले की शरीर स्वतःची जुळवाजुळव बरीचशी स्वतःच करते.

दुसरी गोष्ट उमेदीची. महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून असलेल्या मुलाला हलण्याची इच्छाच उरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लाइथडेल या मुलांच्या रुग्णालयात १९५० च्या दशकात काम करताना बार्टेनिएफ यांचा भर नुसत्या कवायतीवर नव्हता. मूल आपणहून हलायला उद्युक्त होईल अशा खेळांवर, तालावर आणि सामूहिक हालचालींवर त्यांनी जोर दिला. नृत्य आणि उपचार यांची गाठ त्यांच्या कामात पडली ती अशी. मनोविकारांशी तिचा संबंध नंतर आला.

याच दशकात त्या इंग्लंडला जाऊन लाबान आणि त्यांचे सहकारी वॉरन लॅम्ब यांच्याकडून नवे काही शिकून आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाबान यांनी एफ. सी. लॉरेन्स या व्यवस्थापनतज्ज्ञाबरोबर इंग्लंडच्या कारखान्यांतील कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला होता. पुरुष युद्धावर गेलेले, त्यांची जड कामे बायकांवर आलेली. केवळ बाहूंच्या बळावर न उचलता झोका घेऊन, शरीराचे वजन वापरून ओझे कसे हलवावे, हे शोधण्याचे ते काम होते. त्यातून १९४७ मध्ये ‘एफर्ट’ हे पुस्तक निघाले. हालचाल कुठे जाते हे लिपी सांगत होती. ती कोणत्या तऱ्हेने होते, हे एफर्टच्या सिद्धान्ताने सांगितले.

या सिद्धान्तात हालचालीचे चार गुण धरले आहेत : जोर, अवकाशाकडचे लक्ष, वेळ आणि प्रवाह. जोर भक्कम असतो किंवा हलका. लक्ष एका बिंदूवर रोखलेले असते किंवा पसरलेले. वेळ झटक्याचा असतो किंवा रेंगाळता. आणि प्रवाह आवरून धरलेला असतो किंवा मोकळा सोडलेला. पहिल्या तीन गुणांच्या जोड्यांतून आठ मूळ कृती निघतात. खिळा ठोकताना जोर भक्कम, लक्ष रोखलेले आणि वेळ झटक्याचा. ओली चादर पिळताना जोर भक्कमच, पण लक्ष वळणावळणाचे आणि वेळ लांबलेला. ताटावरची माशी हाकलताना हाताला जोर जवळपास नसतो, दिशा सैल असते, पण कृती चटकन होते. प्रत्येक माणसाच्या वागण्यात यांपैकी काही गुण वारंवार दिसतात आणि काही जवळजवळ दिसतच नाहीत. लॅम्ब यांनी याला आकाराचा विचार जोडला : शरीर आक्रसते की फुलते, पुढे सरसावते की मागे घेतले जाते, वर उठते की खाली बसते. या दोन्हींच्या मिळून झालेल्या पद्धतीला अमेरिकेत ‘एफर्ट-शेप’ हे नाव पडले आणि ती तिथे रुजवण्याचे मुख्य श्रेय बार्टेनिएफ यांना जाते.

त्यांचे स्वतःचे, अस्सल योगदान मात्र शरीराच्या जोडणीबद्दलचे आहे. ते ‘बार्टेनिएफ फंडामेंटल्स’ या नावाने ओळखले जाते. सुरुवातीला त्या या व्यायामांना ‘करेक्टिव्ह्ज’ म्हणत, कारण ते नर्तकांच्या सदोष सवयी सुधारण्यासाठी होते. त्यातले बहुतेक व्यायाम उताणे निजून, गुडघे उभे आणि तळवे जमिनीवर टेकवून करायचे असतात. उभे राहिले की तोल सांभाळण्यासाठी माणूस जुन्या सवयींचा आधार घेतो. जमिनीवर ती धास्ती नसते.

पहिला व्यायाम ऐकायला क्षुल्लक वाटतो : श्वास सोडत एक मांडी पोटाकडे उचलायची आणि पाय परत ठेवायचा. बहुतेक माणसे हे करताना मांडीच्या पुढचा मोठा स्नायू आवळतात, कंबर जमिनीवरून उचलतात आणि जबडाही घट्ट करतात. बार्टेनिएफ यांचा आग्रह असे की, मांडी आतून, कण्याच्या खालच्या भागापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या खोल स्नायूच्या बळावर उचलली जावी. बाहेरचे मोठे स्नायू शक्य तितके सैल राहावेत. श्वास सोडताना पोट आत जाते आणि या खोल स्नायूला आधार मिळतो. चालण्याचे प्रत्येक पाऊल याच क्रियेने सुरू होते, म्हणून ती आधी नीट बसवायची. त्यानंतर कमरेचा भाग उचलून पायांच्या दिशेने आणि बाजूला सरकवण्याचे दोन व्यायाम येतात. उठणे, बसणे, जिना चढणे यांचा पाया त्यांत आहे. चौथ्यात हातपाय पसरून शरीराची एक बाजू कोपरापासून गुडघ्यापर्यंत मिटते आणि दुसरी स्थिर राहते. पाचव्यात दोन्ही गुडघे एका बाजूला कलंडतात आणि त्या ओढीचा ताण धडातून तिरपा विरुद्ध खांद्यापर्यंत पोचतो. सहाव्यात गुडघे तसेच कलंडलेले ठेवून हात डोक्यावरून मोठे वर्तुळ काढतो, नजर हाताबरोबर फिरते आणि खांद्याचे पाते पाठीवर सरकत राहते. त्या वर्तुळात हाताची स्वतःच्या अक्षाभोवतीचा पीळही सतत बदलत असतो. तो विसरला की खांदा अडतो.

या सहांना कुठे कुठे ठरावीक कवायतीचे रूप आले आहे. तसे पाहिले तर त्यांतला खरा विचार हरवतो. बार्टेनिएफ यांना हव्या होत्या त्या शरीराच्या भागांमधल्या जोडण्या. हालचाल कुठून सुरू होते, कोणत्या क्रमाने पुढे जाते, वजन कधी सरकते, श्वास कुठे मदत करतो, एवढे कळले की तीच जोडणी नर्तकाच्या उडीत वापरता येते आणि अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या कुशीवर वळण्यातही. तान्हे मूल आधी श्वासाबरोबर सारे अंग आकुंचित-प्रसारित करते, मग डोके आणि कणा वळवते, मग एका बाजूने सरपटते आणि अखेरीस उजवा हात-डावा पाय असे तिरप्या जोडीने रांगते. मोठ्या माणसाच्या हालचालींत हे सारे थर राहतातच, या दृष्टीचा विस्तार त्यांच्या शिष्या पेगी हॅकनी यांनी १९९८ च्या ‘मेकिंग कनेक्शन्स’ या पुस्तकात केला.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस बार्टेनिएफ न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात आल्या. मनोविकारतज्ज्ञ इस्रायल झ्वर्लिंग यांनी तिथे डे हॉस्पिटल चालवले होते : रुग्ण दिवसा उपचारासाठी येत आणि रात्री घरी जात. नृत्योपचाराचा पाया तोवर मॅरियन चेस यांनी घातला होता. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मोठ्या मनोरुग्णालयात १९४२ पासून त्या काम करत होत्या आणि बोलणे बंद झालेल्या रुग्णांशी त्यांच्याच हालचालींच्या लयीत संवाद साधत होत्या. चेस यांचे बळ रुग्णाला अचूक प्रतिसाद देण्यात होते. बार्टेनिएफ यांनी या क्षेत्राला दिली ती नोंदीची शिस्त. रुग्णाच्या किंवा सबंध कुटुंबाच्या मुलाखतीच्या वेळी त्या आणि त्यांचे सहकारी हालचालींची एफर्ट-शेपच्या भाषेत टिपणे ठेवत. धडाचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी जोडलेला आहे का, हालचाल हातातच थांबते की सगळ्या अंगातून जाते, कोणते गुण पूर्ण गायब आहेत, समोरच्याच्या लयीशी रुग्णाची लय कधी जुळते, हे सारे त्यांत असे.

देहबोलीवरच्या लोकप्रिय पुस्तकांपेक्षा ही रीत मुळातच वेगळी आहे. त्या पुस्तकांत हाताची घडी म्हणजे बचाव आणि नाकाला हात म्हणजे खोटेपणा असे तयार अर्थ असतात. या रीतीत आधी वर्णन करायचे आणि अर्थ लावण्याची घाई टाळायची. हाताची घडी घट्ट आवळलेली आहे की सैल, तिच्याबरोबर श्वास थांबतो की चालू राहतो, ती किती वेळाने आणि कशी सुटते, हे पाहिल्याशिवाय नुसत्या घडीला काही अर्थ नसतो. मार्था डेव्हिस यांच्याबरोबर १९६५ मध्ये लिहिलेल्या एफर्ट-शेपवरील निबंधाच्या शीर्षकातच बार्टेनिएफ यांनी अभिव्यक्ती आणि कार्य यांची एकता नोंदवली आहे. डेव्हिस यांनी पुढे मनोरुग्णांच्या हालचालींचे पद्धतशीर मोजमाप करण्याचे काम वाढवले. बालमनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ केस्टनबर्ग यांनीही बार्टेनिएफ आणि लॅम्ब यांच्याकडून ही पद्धत शिकून मुलांच्या वाढीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र नोंदपद्धत तयार केली. १९६६ मध्ये ‘अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन’ स्थापन झाली. चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि बार्टेनिएफ संस्थापक सदस्यांत होत्या.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एका प्रकल्पाला हात घातला. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स जगभरच्या गायनशैलींची तुलना करत होते. आता त्यांना तेच नृत्याबाबत करायचे होते. बार्टेनिएफ आणि फॉरेस्टीन पॉले यांनी त्यांच्यासाठी चित्रफितींवरून नृत्यशैली टिपण्याची पद्धत तयार केली. तिला ‘कोरिओमेट्रिक्स’ म्हणतात. धड एकसंध हलते की भागाभागांनी, दिशा बदलताना हात सरळ मागे फिरतो की वळण घेतो, हालचाल एका मितीत आहे की तीन मितींत, अशा गोष्टी तीत नोंदवल्या जात. लोमॅक्स यांचा दावा असा की, एखाद्या समाजाच्या नृत्यात त्याच्या रोजच्या कामाची घडण दिसते. त्यांचे आवडते उदाहरण उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमो शिकाऱ्याचे. बर्फातल्या छिद्रापाशी पाय फाकून उभा राहून एका हाताने भाला मारणारा हा शिकारी ढोल वाजवत नाचतो तेव्हाही त्याच पवित्र्यात असतो. या कामाचा अहवाल ‘फोक साँग स्टाइल अँड कल्चर’ या १९६८ च्या ग्रंथात आला.

हे उदाहरण डोळ्यांपुढे उभे राहते, पण त्यावरून सबंध मानवजातीचा नकाशा काढणे धाडसाचेच. मानववंशशास्त्रज्ञांनी टीकाही तशीच केली : चित्रफितीच्या काही मिनिटांना सबंध संस्कृतीचे प्रतिनिधी मानता येत नाही, नाचणाऱ्यांना स्वतःच्या नृत्याबद्दल काय वाटते ते यात विचारलेलेच नाही, आणि एकाच समाजात स्त्रियांचे, पुरुषांचे, पूजेचे आणि करमणुकीचे नाच वेगवेगळे असतात. कोरिओमेट्रिक्सचे मोठे निष्कर्ष आज फारसे कोणी मानत नाही. बार्टेनिएफ यांच्या निरीक्षणाच्या कोष्टकांना मात्र अभ्यासक अजून अधूनमधून हात घालतात.

१९६५ मध्ये त्यांनी डान्स नोटेशन ब्युरोत एफर्ट-शेपचे प्रशिक्षण सुरू केले. नर्तक, नट, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारक असे सगळे एकाच वर्गात बसत. १९७८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘लाबान इन्स्टिट्यूट ऑफ मूव्हमेंट स्टडीज’ ही स्वतंत्र संस्था काढली. डोरी लुईस यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘बॉडी मूव्हमेंट : कोपिंग विथ द एन्व्हायर्नमेंट’ हे त्यांचे पुस्तक १९८० मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. नंतर संस्थेच्या नावात लाबान यांच्याबरोबर त्यांचेही नाव जोडले गेले. एवढ्या मोठ्या कामाच्या मानाने त्यांनी फार कमी लिहिले. त्यांची शिकवण मुख्यतः वर्गातून, हाताच्या स्पर्शाने पुढे गेली, म्हणून फंडामेंटल्सचे पाठ शिक्षकागणिक बदलतात आणि अस्सल कोणते यावर वादही होतात.

आज ही पद्धत नृत्यशिक्षण, अभिनय आणि पुनर्वसन या क्षेत्रांत शिकवली जाते. भारतातला नृत्योपचार बराचसा स्वतंत्र वाटांनी वाढला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’ या संस्थेच्या सहकार्याने त्याचा पदविका अभ्यासक्रम चालवला. ‘संवेद’च्या कामाची सुरुवात हिंसेतून सुटलेल्या मुली आणि स्त्रियांच्या पुनर्वसनातून झाली होती. लाबान-बार्टेनिएफ परंपरेपुढचा जुना प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. दोन प्रशिक्षित निरीक्षक एकच हालचाल पाहून एकच नोंद करतील का? शरीराचा कोणता भाग कुठे गेला यावर सहज एकमत होते; जोर हलका होता की प्रवाह आवरलेला होता, यावर तितके होत नाही. संगणकाच्या अभ्यासकांनाही हाच अनुभव आहे. २००० च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर आणि सहकाऱ्यांनी एफर्ट आणि शेपचे गुण वापरून पडद्यावरच्या आकृत्यांच्या हालचाली जिवंत वाटाव्यात असा प्रयत्न केला, आणि त्यानंतर अनेक प्रयोगशाळा कॅमेऱ्याने टिपलेल्या हालचालींतून हे गुण ओळखू पाहत आहेत. वेळ आणि दिशा कॅमेऱ्याला वेगावरून आणि मार्गावरून काढता येतात. जोर मात्र स्नायूच्या आत असतो आणि त्याचा अंदाज अप्रत्यक्षपणेच करावा लागतो.